डिजिटल अकॉर्डियनचा भाता हाताचं ऐकत नाही : हळू वाजवलं की गप्प, जरा ओढलं की बोंब

आगारवाला_कोल्हापूर

राम राम मंडळी. प्रश्न लांबडा आहे, चहा घेऊन बसा.

मी एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक. काम मुख्यतः ब्रेकचं, म्हणजे दिवसभर हवेच्या दाबाशी गाठ. सुट्टीला ऑर्केस्ट्रात अकॉर्डियन आणि दर गुरुवारी गल्लीतल्या दत्ताच्या देवळात भजनाला पेटी. इनॉक डॅनियल्स, केर्सी लॉर्ड यांचं वाजवणं कानात घालून वाढलेला माणूस आहे, त्यामुळे अकॉर्डियन म्हणजे भाता, आणि भाता म्हणजे श्वास, एवढं कळतं. पण या नव्या वाद्याने हैराण केलंय.

जुना माझा ऐंशी बेसचा (म्हणजे डाव्या हाताला ऐंशी बटणं), खऱ्या रीडचा, म्हणजे हवेने थरथरून वाजणाऱ्या धातूच्या जिभल्यांचा. आमच्याकडच्या पावसाळ्यांनी त्याचे रीड गंजले, आतलं मेण तडकलं, आणि नीट सूर लावून देणारा माणूस जवळपास मिळेना. शेवटी मार्चमध्ये सेकंडहँड डिजिटल घेतला. सदतीस पट्ट्या, एकशेवीस बेस. कंपनी कुठली ते मुद्दाम लिहीत नाही, मागच्या धाग्यात नावावरून जी जुंपली होती ती पाहिलीय.

दुखणं असं. हळू वाजवायला गेलो की आवाजच निघत नाही. पट्टी दाबलीय, भाता हलतोय, आणि वाद्य मुकं. म्हणून जरा जोर लावावा तर एकदम अंगावर येतं, शेजारचा गिटारवाला दचकतो. मधलं काही नाहीच. संथ गाण्यात ओळ संपताना शेवटचा सूर विरत जायला हवा ना, तो मध्येच कापल्यासारखा तुटतो. घरी हेडफोन लावून वाजवलं तर हे जरा कमी जाणवतं, स्टेजवर मात्र हमखास.

दुसरं म्हणजे जुन्यात एक पट्टी दाबली तर भाता सावकाश उघडायचा, चार दाबल्या तर भराभर. आणि काहीच दाबलं नाही तर जागचा हलायचा नाही. यात काही दाबा, न दाबा, भाता आपल्याच चालीने सुटतो. हवा जाते तरी कुठे?

केलेले उपाय : मेनूत भात्याचा कर्व्ह आहे. लाइट, स्टँडर्ड, हेवी, आणि शिवाय ते फिक्स्डवाले, ज्यात भात्याने आवाज बदलतच नाही. आधी स्टँडर्ड होता. आवाज निघत नाही म्हणून लाइट केला, तर बोंब आणखी वाढली. हेवी केला तर खांदा भरून आला. हवेच्या बटणाजवळ (सूर न वाजवता हवा सोडायचं ते) भाता घट्ट-सैल करायचं एक चाक आहे, ते पार घट्ट केलं. दोन तासांच्या कार्यक्रमानंतर डावं मनगट असं सुजलं की दुसऱ्या दिवशी पाना धरवेना. सध्या वैतागून फिक्स्डवर वाजवतोय. म्हणजे भाता नुसता शोभेला.

वाद्यात बिघाड आहे, का माझ्या हातात?

---

सिंथ_सम्राट

काका, फिक्स्डवरच वाजवायचं असेल तर साधा कीबोर्ड घ्या ना. दहा किलोचं गाठोडं गळ्यात कशाला? आजकाल कीबोर्डमध्ये अकॉर्डियनचा टोन चांगला येतो.

---

आगारवाला_कोल्हापूर

तुमचं वय विचारत नाही.

---

काळीपांढरी_गिरगाव

आगारवाले, सम्राटांकडे लक्ष देऊ नका, पोरगं चांगलं आहे, फक्त त्याच्या वाद्याला फुप्फुसं नाहीत.

पस्तीस वर्षं वाद्यवृंदात वाजवलं, त्यातली शेवटची बारा डिजिटलवर. तुम्ही तीन वेगळ्या गोष्टींचा काला केलाय असं दिसतंय. ते चाक, तो कर्व्ह, आणि स्टेजवरचा साउंडवाला.

आधी तुमच्या हवेचं. खऱ्या अकॉर्डियनमध्ये, हवेचं बटण दाबलं नाही तर, हवेला बाहेर पडायला रीडखेरीज वाट नसते. पट्टी दाबली की तिच्या रीडपुरतं दार उघडतं. म्हणून एका पट्टीला भाता सावकाश, चार पट्ट्यांना भराभर. डिजिटलमध्ये रीडच नाहीत. आत आहे दाब मोजणारा सेन्सर. पण पूर्ण बंद डब्याचा भाता हलणार कसा? म्हणून हवेसाठी एक कायमचं भोक ठेवलेलं असतं आणि तुमचं ते चाक त्या भोकाचं तोंड लहान-मोठं करतं. पट्ट्यांचा आणि त्या भोकाचा संबंध नाही, म्हणून दाबा न दाबा, भाता चालतो. बिघाड नाही तो. रोलँड कंपनीने २००४ मध्ये एफआर-७ हा डिजिटल अकॉर्डियन आणला, तो मी पहिल्यांदा गळ्यात घातला तेव्हा मलाही वाटलं होतं की कुठेतरी फाटलाय. पुढे त्यांच्या एफआर-८एक्समध्ये किती सूर वाजताहेत त्यावर भात्याचा अडसर बदलतो, म्हणजे खऱ्याच्या जवळ जातं. पण तो गळ्यात घालायला तुमच्या ब्रेकच्या ड्रमइतका जड.

तेव्हा चाक म्हणजे हाताला किती जड लागतं ते. कर्व्ह म्हणजे सेन्सरने मोजलेल्या दाबाला किती आवाज द्यायचा ते. चाकाचं काम कर्व्हकडून करून घेऊ नका. तुम्ही नेमकं तेच केलंत, आणि दोन्ही एकाच संध्याकाळी फिरवलंत. मग काय कशाने झालं हे ब्रह्मदेवाला तरी कळेल का?

मी करतो ते असं. भात्याचे पट्टे लावलेले असतानाच, वाद्य स्थिर ठेवून चालू करायचं. चालू होताना भात्याला हात नाही. कर्व्ह स्टँडर्ड. मग चाक एवढं ठेवायचं, की मध्यम जोरात भाता पूर्ण उघडायला दहा-बारा सेकंद लागावेत. त्याहून लवकर संपला तर गाण्याची ओळ पुरत नाही, फार उशिरा संपला तर मनगट जातं. आणि पार सैल सोडलंत तर शेकला, म्हणजे भाता भराभर मागेपुढे हलवण्याला, पकडच येत नाही, भाता नुसता हवेत फडफडतो. यावर आठ दिवस वाजवा. कर्व्हला हात लावायचा नाही. शपथ.

त्याआधी डाव्या हाताचा पट्टा बघा. सेकंडहँड वाद्यात तो मागच्या मालकाच्या मनगटाचा असतो. पट्टा ढिला असला की दिशा बदलताना हात आधी त्या ढिलाईत सरकतो आणि मग भात्याला लागतो. तेवढ्या वेळात सूर पडतो. लोक याला सेन्सरचा दोष समजतात आणि दुरुस्तीला पैसे घालवतात.

आता एक प्रश्न, उत्तर नीट तपासून द्या. मुकं होतं ते ओढताना की ढकलताना?

---

आगारवाला_कोल्हापूर

हे मी बघितलंच नव्हतं हो. आज घरी बसून ध्यान देऊन वाजवलं. मुकं होतं ते बहुतेक ढकलताना. ओढताना मात्र भसकन येतं. डाव्या पट्ट्यात तर माझी दोन बोटं आडवी मावत होती, तो आवळला. थोडा फरक आहे.

---

काळीपांढरी_गिरगाव

मग मला संशय येतोय. घरात कॉम्प्युटर आहे का? वाद्य यूएसबीने जोडा आणि मिडीचे (डिजिटल वाद्य कॉम्प्युटरशी ज्या भाषेत बोलतं तिचे) आकडे दाखवणारं एखादं फुकटचं सॉफ्टवेअर लावा. भाता हलला की कंट्रोल चेंज ११, म्हणजे एक्स्प्रेशन, असे आकडे धावताना दिसतील. ० ते १२७. एकच पट्टी धरा, आधी ओढा, मग तेवढ्याच जोराने ढकला. आकडे लिहून ठेवा. कान फसवतो, आकडा फसवत नाही. तुम्ही गेज वाचणारे, तुम्हाला सांगायला नको.

दुसरी चाचणी बिनवायरची. चाक जितकं घट्ट होतं तितकं करा, हवेच्या बटणावरून अंगठा काढा आणि भाता आधी ओढून, मग ढकलून बघा. दोन्हीकडे सारखंच अडायला हवं.

पण उघडू नका लगेच! तुम्हा मेकॅनिक लोकांचा हात शिवशिवतो, म्हणून आधीच सांगतो. भात्याच्या खिळ्या काढून दोन भाग ओढून वेगळे केलेत तर आतून उजव्या-डाव्या बाजूला जोडणारी वायर आहे, ती तुटेल. तिथे साबणाचं पाणीसुद्धा चालत नाही, आत इलेक्ट्रॉनिक्स आहे.

---

श्टुटगार्टची_सई

मधेच येते, चालेल ना? मी इथे जर्मनीत अकॉर्डियन शिकतेय. इथे वाद्यांची कमी नाही, ट्रोसिंगेन, होनरचं गाव, आमच्यापासून तासाभरावर. पण रात्री दहानंतर फ्लॅटमध्ये आवाज केला की खालच्या आजी चिठ्ठी लावतात, म्हणून मी डिजिटलवर हेडफोन लावून सराव करते.

आगारवाले दादा, तुम्ही पेटीही वाजवता असं लिहिलंय, मला तिथेच अडकल्यासारखं झालं, कारण मीही पेटीवरून आलेय. पेटीत आपण बाहेरचा भाता मारतो, पण ती हवा थेट सुरांकडे जात नाही. आतला दुसरा भाता आधी फुगतो, त्याला स्प्रिंग असते आणि ती हवा हळूहळू सोडत राहते. म्हणजे आपला हात थांबला तरी सूर थोडा वेळ चालतो. दहा-पंधरा वर्षं पेटी वाजवली की हाताला तो उधारीचा वेळ गृहीत धरायची सवय लागते. अकॉर्डियनमध्ये असा साठा नाहीच. हात थांबला, सूर संपला. त्यातही खरा रीड दाब कमी झाला तरी जरासा रेंगाळतो, डिजिटल मात्र सेन्सर शून्याला आला की सरळ गप्प.

माझे शिक्षक मला एकच गोष्ट महिनाभर करायला लावायचे. शेवटच्या सुरावर आधी बोट उचलायचं, मग हात थांबवायचा. मी उलटं करत होते. तुमचा ओळीचा शेवट तुटतो तो यामुळे असेल का? फोनवर फक्त डाव्या हाताचा व्हिडिओ काढून बघा. मी बघितला तेव्हा लाज वाटली होती, हात प्रत्येक ओळीच्या शेवटी अर्धा क्षण आधीच थांबून मोकळा!

आणि तुम्ही अकॉर्डियनच्या आवाजात वाजवताय की व्हायोलिन-ट्रम्पेटसारखे ऑर्केस्ट्राचे आवाज लावता? बऱ्याच वाद्यांत त्या आवाजांसाठी वेगळी सेटिंग असते : आवाज पट्टीच्या ठोक्यावर जावा, भात्यावर जावा, की दोन्हींवर. दोन्हींवर असेल तर भाता हळू आणि बोट जोरात, असं झालं की गोंधळ उडतो. माझ्या वाद्यात व्हायोलिनला फक्त भाता ठेवलाय.

---

फेडर_पुणे

मी साउंडचं काम करतो, त्यामुळे माझ्याच जातभाईंची चुगली करतोय. "घरी कमी, स्टेजवर हमखास" हे वाक्य वाचून डोक्यात घंटा वाजली. तुमच्या चॅनलवर गेट लावलेला असणार.

नॉइज गेट म्हणजे ठरावीक पातळीच्या खाली आवाज गेला की दार बंद. ढोलक-तबल्याच्या माइकला लावतात, बाजूचा गोंगाट आत येऊ नये म्हणून. डिजिटल मिक्सरवर जुन्या कार्यक्रमाचा सेव्ह केलेला सेटअप उघडला की तो गेट ज्या चॅनलवर होता तिथेच राहतो, आणि नेमका त्या चॅनलवर आज तुम्ही असता. शेवटचा सूर विरत खाली आला की गेट म्हणतो, संपलं, आणि बंद. वरून कॉम्प्रेसर असला तर हळू-जोरातला फरक आणखी सपाट. मग तुम्ही तिकडे भात्याशी कितीही कुस्ती खेळा.

साउंडचेकला नुसतं "वाढव, कमी कर" म्हणू नका. सरळ सांगा : माझ्या लाइनवरचा गेट काढ, कॉम्प्रेसर काढ. लाइनने येतोय, माइक नाही, गेटची गरजच नाही. आणि तुमच्या वाद्याचा मुख्य व्हॉल्यूम एका जागी ठेवून द्या. कलाकार अर्ध्या कार्यक्रमात व्हॉल्यूम फिरवतात आणि मग आम्हाला शिव्या.

---

आगारवाला_कोल्हापूर

मंडळी, रविवारचा अहवाल.

थोरलीच्या लॅपटॉपला जोडलं. तिने वर्कशॉपच्या जुन्या लॉगशीटच्या पाठीवर आकडे लिहिले. अगदी अलगद ओढताना २२. जीव खाऊन ओढताना १२७, आणि तो अर्ध्या जोरातच लागतो, कारण फिक्स्ड काढून कर्व्ह परत लाइटवर ठेवला होता. तेवढंच अलगद ढकलताना शून्य. जीव खाऊन ढकललं तरी ८८. तीनदा केलं, तीनदा तेच. थोरली म्हणाली, बाबा, हे तर एका चाकाचा ब्रेक लागत नाही तसं झालं.

मग गिरगावकरांची बिनवायरची चाचणी. चाक घट्ट, अंगठा बाजूला. ओढताना अडला, बरोबर. ढकलताना सुळकन गेला. आणि गालाजवळ धरून ढकलला तर डाव्या बाजूने गार हवेची बारीक धार लागली. हवेच्या बटणाजवळून! चाळीस बसेस हाताखालून गेल्यात, ही धार ओळखायला मला गेज लागत नाही.

आता सांगायची गोष्ट. भात्याच्या खिळ्यांना हात लावला नाही, शपथ पाळली. फक्त डाव्या बाजूची जाळी चार स्क्रू काढून उघडली. हवेच्या बटणाखाली एक झडप आहे, तिच्यावर फेल्ट. ओढताना ती आत खेचली जाऊन भोकावर घट्ट बसते, ढकलताना आतली हवा तिला बाहेर रेटते आणि फक्त स्प्रिंग तिला धरून ठेवते. त्या फेल्टच्या कडेला एक तांदळाचा दाणा अडकलेला. कुंकू लागलेला. अक्षता हो!

म्हणजे मागचा मालकही लग्नांतच वाजवत होता, किंवा हा माझाच, मे महिन्यातल्या सात लग्नांपैकी कुठल्यातरी एकाचा. वधूवरांवर टाकलेल्या अर्ध्या अक्षता ऑर्केस्ट्रावर पडतात, हे वाजवणाऱ्यालाच ठाऊक.

चिमट्याने दाणा काढला, फेल्ट कोरड्या ब्रशने झाडलं, जाळी बसवली. कर्व्ह स्टँडर्ड, चाक दहा सेकंदांवर. नवे आकडे : अलगद ओढताना १६, ढकलताना १५. पूर्ण जोरात दोन्हीकडे १२७.

आता माझा मूर्खपणा कळला. ढकलताना गळत होतं म्हणून आवाज कमी, म्हणून मी कर्व्ह लाइट केला, म्हणून ओढताना बोंब. मग बोंब कमी करायला हेवी, मग चाक घट्ट, मग मनगट सुजलं. बसमध्ये एका चाकाची लाइन गळत असताना कुणी सगळ्या चाकांचे ब्रेक आवळायला लागला तर मी त्याला वर्कशॉपातून हाकलला असता.

सईताई, व्हिडिओ काढला. तुमचं शंभर टक्के खरं. हात आधी थांबतो, बोट पट्टीवर तसंच. जुन्या अकॉर्डियनवर हे चालून जात होतं, म्हणून कधी कळलं नाही. आता ओळीच्या शेवटी मनात "बोट, मग हात" म्हणतोय. गुरुवारी भजनाला पेटीवरही तेच म्हणायला लागलो आणि ठेका चुकला, ते सोडा. ऑर्केस्ट्राचे आवाज मी लावतच नाही, अकॉर्डियनला अकॉर्डियनच राहू दे.

---

काळीपांढरी_गिरगाव

वा! दाणा जपून ठेवा. पण त्या झडपेची स्प्रिंगही एकदा बघा. दाणा बरेच दिवस अडकून होता तर फेल्टला खड्डा पडला असेल. महिन्याभराने परत आकडे घ्या. ढकलतानाचा आकडा घसरत असेल तर फेल्ट बदलावं लागेल, आणि ते मात्र जाणकाराकडून.

---

सिंथ_सम्राट

काका मानलं. कीबोर्डमध्ये अक्षता गेली तर पट्टीच अडकते, आम्ही अजून ती शोधतोय.

---

आगारवाला_कोल्हापूर

काल जयसिंगपूरला कार्यक्रम होता. फेडरभाऊ, साउंडवाल्या पोराला तुमच्या शब्दांत सांगितलं. आधी म्हणाला गेट नाहीये. मग स्क्रीनवर बघितलं आणि म्हणाला, "आहे की हो काका, मागच्या आठवड्यातल्या ढोलकीचा." काढला.

संथ गाणं तिसरं होतं. शेवटची ओळ ढकलत संपवली, मुद्दाम. बोट उचललं, मग हात. सूर शेवटपर्यंत गेला, गिटारवाल्याने वळून बघितलं, दचकून नव्हे.

मनगटावर आज काही नाही, सकाळी दोन बसेसचे ब्रेक केले. आता बेसचा आवाज पट्ट्यांपेक्षा जास्त वाटायला लागलाय, इतके दिवस बहुधा गळतीत झाकला जात होता. त्याचा वेगळा धागा काढतो.